वर कुणी थांबू नका

संध्याकाळी निहारिकानं दारात चपला काढल्या की भय्यासाहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला. चहा नाही, पाणी नाही, ‘दमलीस का गं’ तर नाहीच नाही. हातातला पेपर खाली करून चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “काय म्हणतायत आपली मंडळी?”

मंडळी म्हणजे उंदीर. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगशाळेतले. नानाखेड्याच्या पुढे इंदूर रोडवर एक खाजगी फार्मसी कॉलेज आहे, तिथे निहारिका त्यांच्यावर पीएच.डी. करत होती. सासऱ्यानं सुनेच्या उंदरांची रोज इतक्या आस्थेनं चौकशी करावी, असं घर अख्ख्या उज्जैनमध्ये दुसरं सापडायचं नाही. पण भय्यासाहेबांचा जीवच त्या उंदरांत अडकला होता, त्याला ते तरी काय करणार!

आणि जिवाचं सोडा, ते स्वतःच अडकलेले होते. माधव नगरातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमधून दोन वर्षांत ते खाली उतरलेले नव्हते.

झालं होतं असं. एका दुपारी ते भाजी घेऊन परतत होते. बिल्डिंग जुनी आणि लिफ्ट तिच्याहून जुनी वाटावी अशी, सरकत्या जाळीच्या दाराची. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध लाइट गेली आणि लिफ्ट लटकली. वॉचमन जनरेटरची चावी खिशात टाकून पोहे खायला गेलेला. शेजारच्या फ्लॅटला कुलूप. आल्हाद, म्हणजे भय्यासाहेबांचा मुलगा आणि निहारिकाचा नवरा, बँकेत, निहारिका कॉलेजात. तासाभरानं भय्यासाहेबांना कसंबसं बाहेर ओढलं, तेव्हा वर घराच्या दारात त्यांच्या पत्नी सुमनताई पडलेल्या होत्या. हार्ट अटॅक. सगळं संपलेलं होतं.

त्या दिवशी चक्रतीर्थाच्या स्मशानात जायला भय्यासाहेब जिन्यानं उतरले आणि जिन्यानंच वर आले, ते शेवटचं. पुढे गुडघ्यांनी दावा साधला. बाथरूमपर्यंत आणि गॅलरीपर्यंत चालणं जमे, पण चार मजल्यांचा जिना म्हणजे नावच काढायला नको. राहिली लिफ्ट. आणि लिफ्टमध्ये पाय ठेवला की या माणसाचं जे व्हायचं ते बघवत नसे. जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, चेहरा पांढराफटक, कपाळावरून घाम, आणि डोळे कुठेतरी वर लागलेले. हलत नसत, बोलत नसत. आल्हाद बरोबर असायचा, खांद्यावर हात ठेवायचा. निहारिका मुद्दाम वर, लिफ्टच्या दाराशी थांबायची, म्हणजे त्यांना धीर वाटावा. जाळीतून गोड आवाजात म्हणायची, “भय्यासाहेब, मी इथेच आहे हं! या तुम्ही आरामात!” काही उपयोग नाही. शेवटी आल्हाद त्यांची बोटं एकेक करून सोडवायचा आणि धरून घरात आणायचा.

खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावं, असं एकदा आल्हाद म्हणाला. त्यावर भय्यासाहेब ताडकन म्हणाले, “चौघांनी मला एकदाच खाली न्यायचं. तेव्हा मी काही बोलणार नाही. तोपर्यंत हा विषय बंद!” विषय बंद झाला.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी दुखण्याला नाव दिलं, आघातानंतरचा ताण आणि त्यातून बंद जागेची भीती. घरानं ते नाव लगेच उचललं. नाव मिळालं की निम्मं दुखणं समजल्यासारखं वाटतं ना, तसं. समजलं होतं काय, ते पुढे येईलच.

तर अशा या माणसानं पितृपक्ष जवळ यायला लागल्यावर एक दिवस जेवताना जाहीर केलं, “या वर्षी अविधवा नवमीच्या श्राद्धाला मी सिद्धवटाच्या घाटावर येणार. सुमन सवाष्ण गेली. तिचा दिवस आहे तो. मागल्या वर्षी तुम्ही दोघं जाऊन आलात आणि मी इथे गॅलरीत गाढवासारखा बसलो. या वर्षी बसणार नाही.”

“येणार कसे, भय्यासाहेब?” आल्हादनं विचारलं.

“ते हिचे उंदीर सांगतील.”

झालं! त्या दिवसापासून निहारिकाच्या प्रयोगाला घरातूनही तारीख मिळाली. विद्यापीठाची तारीख परवडली, असं तिला वाटायला लागलं.

प्रयोग तिनं त्यांना समजावून दिला होता, एका सकाळी शेंगा सोलता सोलता. उंदराला पेटीत ठेवायचं. शिटीसारखा आवाज वाजवायचा आणि आवाज संपता संपता पायाखालच्या तारांतून विजेचा हलका झटका. दोन-चारदा असं झालं की पुढे नुसता आवाज ऐकला तरी उंदीर थिजतो.

“थिजतो म्हणजे?”

“जागच्या जागी. मिशीसुद्धा हलत नाही.”

भय्यासाहेबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हणजे लिफ्टमध्ये मी दिसतो तसा.”

निहारिकानं मान खाली घातली. पहिल्यांदा झटका दिला त्या दिवशी तिला डबा खाववला नव्हता, पण हे काही तिनं त्यांना सांगितलेलं नव्हतं.

“बिचारे!” भय्यासाहेब म्हणाले. “बरं, पुढे?”

पुढे असं, की दुसऱ्या दिवशी झटका न देता एकदाच आवाज ऐकवायचा. आठवण जागी होते. लगेच औषध टोचायचं. मेंदूत भीतीचा निरोप ज्या दारांतून आत शिरतो त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे औषध त्या दारात जाऊन ठाण मांडून बसतं. निरोप येतो, पण आत शिरायला जागा नसते. मग ती आठवण पुन्हा मेंदूत जाऊन बसते ती भीतीशिवाय. निदान तसं व्हावं अशी आशा.

“वा रे वा!” भय्यासाहेब म्हणाले. “लिफ्टच्या दारात अडकलेल्या माणसाला दार अडवायचं औषध! काय पण शोध लावता तुम्ही लोक.” पण म्हणाले ते हसत, आणि सोललेल्या शेंगांची वाटी तिच्याकडे सरकवत.

श्रावणात निहारिकानं पहिली तुकडी संपवली, तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या उंदरांची. खरं तर औषधवाले आणि पाणीवाले एकत्रच घ्यायला हवे होते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. पण औषध येता येता उशीर झाला, वर्ष हातातून चाललेलं, आणि तिच्या गाइड अपर्णा मॅडम म्हणाल्या, “अगं, आहे ते उरकून घे, औषधवाले नंतर कर. क्या फर्क पडता है?” फरक काय पडतो, ते विधात्यालाच ठाऊक होतं म्हणायचं.

पाणीवाले उंदीर आवाजाला दगडासारखे थिजले. मग भाद्रपदात औषधवाल्यांची पाळी. पेटी तीच, आवाज तोच. पण हे पठ्ठे आवाज ऐकूनही पेटीत हुंगत फिरत राहिले. एक तर मागच्या पायांवर बसून मस्तपैकी मिशा पुसायला लागला.

निहारिका त्या दिवशी घरी आली ती जिना धावत चढून. लिफ्टची वाट बघायलाही तिला धीर नव्हता.

“मिशा पुसत बसला?” भय्यासाहेबांनी तीनदा विचारलं. “आवाज चालू असताना?”

“आवाज चालू असताना!”

आणि मग ते हसले. दोन वर्षांत घरानं न ऐकलेलं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आल्हाद बँकेतून आला तर बाप आणि बायको दोघंही हसत सुटलेली. त्यालाही कारण न कळता हसू फुटलं.

डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, “भय्यासाहेब, या औषधाची गोळी नवी नाही. ब्लडप्रेशरवर आम्ही वर्षानुवर्षं देतो. या दुखण्यावर माणसांत कुणाला फायदा दिसतो, कुणाला नाही. तुमच्या हृदयाचे कागद ठीक आहेत, घेऊन बघायला हरकत नाही. मगर चमत्कार की उम्मीद मत रखिए.” एवढ्या लांबलचक बोलण्यातलं भय्यासाहेबांनी फक्त ‘घेऊन बघायला हरकत नाही’ तेवढं ऐकलं. गोळ्या आल्या, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये गेल्या. रेशमी उपरणं बाहेर निघालं. चपलांना पॉलिश झालं. दोन वर्षं न घातलेल्या चपलांना पॉलिश करताना तो माणूस गुणगुणत होता, आणि निहारिका स्वयंपाकघरातून ते ऐकत होती. आपल्या शिक्षणाचा इतका अभिमान तिला कधीच वाटला नव्हता.

नवमी अगदी तोंडावर आलेली असताना कॉलेजात तपासणीसाठी बाहेरची कमिटी आली. अपर्णा मॅडम म्हणाल्या, औषधवाले उंदीर दाखवू, समोरच करून दाखवू, एकदम छाप पडेल. पिंजरे प्रयोगाच्या खोलीत आणले. कमिटीतले तिघं खुर्च्या ओढून बसले. उंदीर आपले पिंजऱ्यात खुडबुड करतायत, एकमेकांच्या अंगावरून जातायत. निहारिकानं यंत्र लावलं, बटणावर बोट ठेवलं.

“थांब थांब,” मॅडम म्हणाल्या. “आधी उदबत्ती. सुतकात सगळंच राहून गेलं बघ.”

मॅडमचं हे नेहमीचं. पेटीच्या मागे भिंतीवर छोटा गणपती, आणि प्रयोग सुरू करायच्या आधी त्याच्यापुढे केवड्याची एक उदबत्ती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कधी खंड नाही. फक्त या भाद्रपदाच्या सुरुवातीला त्यांचे चुलत दीर वारले तेव्हा दहा दिवस सुतक होतं. मॅडम कामावर येत होत्या, पण पूजा नाही, उदबत्ती नाही.

काडी ओढली. धुराची रेघ वर गेली. केवड्याचा वास खोलीभर पसरला.

आणि पिंजऱ्यातली खुडबुड थांबली.

कमिटीला काही कळलं नाही. एकजण म्हणाला, “अरे, ये तो सब सो गए।” झोपले नव्हते. डोळे सताड उघडे होते. जो जिथे होता तिथे, एकाचा पाय दुसऱ्याच्या पाठीवर तसाच, सगळेच्या सगळे थिजले होते. तो मिशा पुसणारासुद्धा. निहारिकानं आपल्या बोटाकडे बघितलं. बटण तिनं दाबलेलंच नव्हतं.

सगळं एका क्षणात समोर आलं. झटके दिले त्या प्रत्येक वेळी ही उदबत्ती जळत होती. शिटी वाजायच्या कितीतरी आधी उंदरांना वास यायचा, आणि वासाच्या बाबतीत उंदीर आपल्याला हजारदा विकत घेईल. ती समजत होती आपण त्यांना आवाजाची भीती शिकवतोय. ते शिकले होते केवड्याची. पाणीवाल्यांची परीक्षा उदबत्तीत झाली, म्हणून ते थिजले. औषधवाल्यांची परीक्षा नेमकी सुतकाच्या दहा दिवसांत झाली, म्हणून ते फिरत राहिले. औषधानं काही केलं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

कमिटीला समोसे आणि चहा देऊन वाटेला लावल्यावर तिनं मॅडमना सांगितलं. मॅडम आधी चिडल्या, मग मटकन खुर्चीत बसल्या.

“माझ्या उदबत्तीनं? अगं, गणपतीपुढची उदबत्ती ती!”

“उंदरांना गणपती कुठे माहितीये, मॅडम? चूक माझीपण आहे. दोन्ही तुकड्या एकत्र घ्यायला हव्या होत्या. आणि ती उदबत्ती मला रोज दिसत होती. रोज दिसायची, म्हणूनच दिसली नाही.”

मॅडमनी गणपतीकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, “नवे उंदीर मागवावे लागतील. सगळं पहिल्यापासून.”

“आणि हे?”

“प्रयोग झालेले उंदीर संपवावेच लागतात. नियम आहे तो आहे,” मॅडम पिंजऱ्यांकडे न बघता म्हणाल्या.

निहारिका जायच्या आधी पिंजऱ्यांपाशी थांबली. वास विरला होता, मंडळी हळूहळू हलायला लागली होती. तिला त्यांच्याकडे बघून रडायला आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. या जिवांनी झटके खाल्ले, आणि कशासाठी, तर कुणाच्या तरी नित्यनेमासाठी!

घरी जाताना तिचं डोकं पिंजूनच निघालं. भय्यासाहेबांना सांगितलं तर उपरणं परत कपाटात जाईल आणि तो माणूस पुन्हा कधी उंबरा ओलांडायचं नाव घेणार नाही. नाही सांगितलं तर तो गोळी घेऊन, उंदरांवर विश्वास ठेवून लिफ्टमध्ये शिरेल. आणि तिथे थिजला तर? मग तर संपलंच. औषधानंसुद्धा आपलं काही होत नाही, एवढंच त्याला कळेल. आणि खोटं बोलून सासऱ्याला बरं करायला निघालेली सून म्हणून आरशात बघायचं तरी कसं? इकडून भिंत, तिकडून भिंत. ती लिफ्टमध्ये उभी राहिली आणि तिला वाटलं, हिनं इथेच लटकावं, म्हणजे वर जायला नको.

लिफ्ट मुकाट्यानं चौथ्यावर आली.

घरात शिरली तर हॉल रिकामा. पेपर खुर्चीवर. बाथरूममधून भय्यासाहेबांचं गाणं येत होतं, बादलीवर ताल धरून, सूर गेला उडत. दाराला आतून कडी. निहारिका ओरडून म्हणणार होती की मी आलेय. पण तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली.

कडी आतून लावलेली होती.

ते बाथरूम लिफ्टपेक्षाही लहान. खिडकी नाही, वर एक झरोका, तोही एक्झॉस्ट पंख्यानं बुजलेला. आणि बंद जागेला घाबरणारा हा माणूस रोज अर्धा-अर्धा तास आतून कडी लावून तिथे गातो. दोन वर्षं गातोय. उदबत्तीसारखंच की हे! रोज दिसत होतं.

भय्यासाहेब टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. “आलीस? काय म्हणतायत आपली मंडळी?”

तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. उदबत्ती, सुतक, केवडा, काहीही न लपवता. ते ऐकत होते. टॉवेल हातात गोळा होत होता.

“म्हणजे तो मिशा पुसणारा?”

“तो बरा झालाच नव्हता, भय्यासाहेब. त्या दिवशी फक्त उदबत्ती लावलेली नव्हती.”

त्यांचा चेहरा उतरला तो बघवेना. “मग गोळी काम करते की नाही?”

“माहीत नाही. खरंच अजून माहीत नाही.”

“हं.” ते उठायला लागले. “उपरणं ठेवून दे आत.”

“नाही ठेवणार. आधी मला एक सांगा.” तिनं त्यांचा हात धरून पुन्हा बसवलं. “तुम्हाला बंद जागेची भीती नाहीये. बाथरूमची कडी लावून तुम्ही गाता. मग त्या दिवशी लिफ्टमध्ये काय होतं?”

“काय असायचं? अंधार. भाजीची पिशवी.”

“आणखी?”

“आणखी काय, काही नाही.”

“भय्यासाहेब.”

त्यांनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली. गॅलरीतून खालच्या रिक्षांचा गोंगाट येत होता. तिच्याकडे न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

“सुमन होती ना वर. लिफ्ट अडकल्याबरोबर बाहेर आली. जाळीपाशी उभं राहून माझ्याशी बोलत होती. मला दिसत नव्हती, नुसता आवाज. म्हणाली, घाबरू नका हं, मी इथेच आहे. मेथी मिळाली का विचारलं. मिळाली म्हटलं. म्हणाली, जीव घाबराघुबरा होतोय हो माझा, या लवकर. मी म्हटलं, आलो गं. मग ती काही बोललीच नाही. मला वाटलं, गॅसवर काही ठेवलं असेल, आत गेली असेल. मी आपला म्हणत राहिलो, आलो गं, आलो गं, आलो गं...”

त्यांनी टॉवेलात तोंड लपवलं.

निहारिका गार पडली. मी इथेच आहे हं. या तुम्ही. तेच शब्द. तीच जागा, चौथ्या मजल्यावर जाळीपाशी. प्रत्येक वेळी तिनंच तिथे उभं राहून, इतक्या प्रेमानं, इतक्या गोड आवाजात त्यांना थिजवलं होतं. उदबत्ती दुसरी-तिसरी कुणी नव्हतीच, तीच होती.

“मला का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं. “एकदा तरी म्हणायचंत, निहारिका, गप्प बस!”

“कसं म्हणू? तू पोर इतकी मायेनं उभी राहायचीस.” ते डोळे पुसत म्हणाले. “आणि कुणाला काय सांगायचं गं? ती बोलायची थांबली आणि मला कळलं नाही, हे?”

ती त्यांच्या पायाशी बसली आणि दोघं रडली. आल्हाद आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ गॅलरीत पाठमोरा उभा राहिला. आईचे शेवटचे शब्द आज पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोचले होते.

नवमीच्या सकाळी निहारिकानं जाहीर केलं, “आज वर कुणी थांबायचं नाही. घराला कुलूप लावायचं आणि तिघांनी एकदम उतरायचं.”

“अगं पण कामवाली यायचीये, दूधवाला...” आल्हाद म्हणाला. त्यांच्या घराला दिवसा कधी कुलूप लागलेलं नव्हतं. भय्यासाहेब दोन वर्षं घरातच, त्याआधी आई घरातच. कुलूप शोधायलाच वेळ गेला. शेवटी जुन्या ट्रंकेचं निघालं.

“दूधवाला जाईल परत. कुणी म्हणजे कुणी नाही.”

भय्यासाहेबांनी स्वतः आत फिरून बघितलं. स्वयंपाकघर, बेडरूम, गॅलरी. बाथरूमचं दारही उघडून बघितलं. मग कुलूप स्वतःच्या हातांनी लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी मुठीत धरली.

लिफ्टमध्ये शिरले आणि अंगाला घाम फुटलाच. असं थोडंच असतं की एकदा कळलं की पळालं! एक हात जाळीला चिकटला, डोळे वर गेले. निहारिका बोलायला झाली होती, तिनं जीभ चावली. आल्हादनं बटण दाबलं. लिफ्ट धक्का देऊन हलली, तसा भय्यासाहेबांनी निहारिकाचा दंड इतका घट्ट आवळला की नंतर तिथे निळं पडलं.

“वर कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“नक्की?”

“चावी तुमच्या हातात आहे, भय्यासाहेब.”

तिसरा गेला. “वर कोण आहे?” “कुणी नाही.” दुसरा गेला. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. तळमजला आला. जाळी सरकली. समोर वॉचमन स्टुलावरून ताडकन उठून उभा राहिला, भूत बघितल्यासारखा.

“अरे साहब, आप!”

“हाँ, हम,” भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी उपरणं नीट केलं. मग निहारिकाच्या कानाशी येऊन म्हणाले, “एक सांगू का? रागावू नकोस. मघाशी ती गोळी घेतली मी.”

“काय?”

“म्हटलं, दोन्ही करून बघावं.”

निहारिकानं कपाळावर हात मारला. “आता कसं कळणार, गोळीनं झालं की कुलपानं? माझा हाही प्रयोग बिघडवलात!”

“तुझ्या मॅडमना सांग, यात एक उंदीर जास्त धरा,” भय्यासाहेब म्हणाले आणि रिक्षात बसले.

सिद्धवटावर सगळं रीतसर झालं. गुरुजी म्हणतील तसं आल्हादनं केलं, भय्यासाहेब शेजारी पाटावर बसून होते. क्षिप्रेच्या घाटाची पायरी त्यांनी हातानं चाचपली, दोन वर्षांत जमिनीला हात लागला नव्हता म्हणून. परत येताना चावी पुन्हा मुठीत आवळली होती. वर जायचं होतं ना आता. त्या दिवशी लिफ्ट वर जातानाच अडकली होती.

तिसरा मजला गेला तसे त्यांनी डोळे मिटले. मधली ती जागा आली. वरून कुणीही काहीही बोललं नाही. लिफ्ट चौथ्यावर थांबली.

भय्यासाहेब बाहेर आले, दारापाशी गेले. मूठ उघडली, तर चावीचे दात तळहातात रुतलेले. कुलूप त्यांनी स्वतःच काढलं. दार ढकललं. आत हॉल, खुर्ची, तिच्यावर सकाळचा पेपर. ते उंबऱ्यात थांबले, जिथे सुमनताई सापडल्या होत्या तिथेच.

“आलो गं,” ते म्हणाले.

आतून ‘या’ म्हणायला कुणी नव्हतं. ते तसेच उंबऱ्यात खाली बसले आणि त्या रिकाम्या घराकडे तोंड करून मोठ्यांदा रडायला लागले. “उशीर झाला गं मला, सुमन. फार उशीर झाला.”

निहारिका त्यांच्या मागे उभी होती. मी इथेच आहे, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. तिनं ते गिळले आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसली.